वधूला घेऊन या

अण्णा आणि बाईच्या लग्नाला पन्नास वर्षं होणार होती, आणि ती मी गपगुमान होऊ दिली असती तर कुणाचं काही बिघडलं नसतं. जेवण, फोटो, दोघांना एकेक शाल, झालं. पण मी पडलो आस्थापना शाखेतला. आमच्या शाखेतल्या माणसाला एखादी गोष्ट घडली एवढ्यावर समाधान नसतं, ती घडल्याचा कागद लागतो. समोर उभा असलेला माणूस जिवंत आहे हे दिसत असूनही आम्ही त्याच्याकडं हयातीचा दाखला मागतो, आणि तो आणायला गेला की चहा प्यायला जातो.

त्यात गेली काही वर्षं आमच्या जालना जिल्ह्यात जुन्या नोंदी शोधायची हवाच आहे. ज्याला आजोबाचं नाव धड सांगता येत नव्हतं तोही निजामाच्या काळातल्या कागदाची झेरॉक्स खिशात घालून हिंडायला लागलाय. त्या हवेत मी वाहून गेलो असं म्हणता आलं असतं, पण खरं कारण आमचे शेजारी बद्रीनारायणजी. त्यांचे पूर्वज कधीतरी राजस्थानातून जालन्यात आले आणि कापडाचं दुकान टाकून इथलेच झाले. एक दिवस ओट्यावर बसून ते सहज म्हणाले की त्यांच्या घराण्याची वंशावळ सांगणारा भाट अजून राजस्थानातून येतो आणि बारा-चौदा पिढ्या तोंडपाठ म्हणून दाखवतो. मग अगदी आपुलकीनं त्यांनी विचारलं, "तुमच्याकडे कोण येतं?"

आमच्याकडे गॅसवाला येतो. पण हे सांगवेना. त्याच दिवशी मी ठरवलं की आमची वंशावळ मी स्वतः तयार करीन, तिचा मोठा फलक करून लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सगळ्या पाहुण्यांसमोर उघडीन, आणि बद्रीनारायणजींना पहिल्या रांगेत बसवीन.

अण्णांना विचारलं तर ते "कशाला?" एवढं बोलून पेपरात गेले. अण्णा म्हणजे माझे वडील, अप्पाराव. आयुष्यभर एसटीत कंडक्टर होते. गाडीत इतकं बोलावं लागलं म्हणूनच की काय, घरात ते बोलत नाहीत. आई, जिला आम्ही बाई म्हणतो, ती त्यांच्या वाटणीचंही बोलते; पण नेहमी दुसऱ्यांबद्दल. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याच्या, म्हणजे तिच्या माहेरच्या, कुणाच्या म्हशीला कधी काय झालं हे तिला ठाऊक. स्वतःबद्दल विचारलं की म्हणणार, "माझं काय असतंय?"

वरच्या पिढ्या लवकर जमल्या. मेलेली माणसं वंशावळीत मुकाट्यानं बसतात. ज्या चौकटीत ठेवाल तिथं राहतात. लग्नाची पत्रिका बाईच्या ट्रंकेत सापडली. एकोणीसशे पंच्याहत्तर, वैशाख, मौजे धावडा. पण पत्रिका म्हणजे काही सरकारी कागद नव्हे. फलकाच्या कोपऱ्यात गोल शिक्क्याचा दाखला डकवायचा माझा बेत होता. म्हणून मी एक दिवसाची किरकोळ रजा टाकून विवाहनोंदणीच्या कचेरीत गेलो.

टेबलाच्या अलीकडच्या बाजूला मी बऱ्याच वर्षांनी उभा राहत होतो. पलीकडून टेबल एवढं रुंद दिसत नाही. मी तिथल्या बाबूंना माझं पद सांगितलं. पद ऐकून माणूस खुर्ची पुढं करतो असा माझा अनुभव होता, पण तो माझ्याच कार्यालयातला निघाला. बाबूंनी सांगितलं की त्या काळी खेड्यातल्या लग्नांची नोंद कोण करत होतं, काही मिळणार न्हाई. तरी मी हटेना म्हणून त्यांनी सूची काढली, आणि मिळालं. नाव अप्पाराव, बापाचं नाव तेच, गाव अंबडजवळचं आमचंच, धंदा एसटीत वाहक. तारीख मात्र डिसेंबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर.

मला आनंद झाला, हे आज सांगायला लाज वाटते. वर्ष चुकलं आहे, कारकुनाची डुलकी, एवढंच मला वाटलं. दुसऱ्या कार्यालयाची चूक सापडल्यावर सरकारी माणसाला जे बरं वाटतं ते शब्दांत सांगता येत नाही. मी नक्कल घेतली. मूळ पानावर वाळवीनं यथेच्छ जेवण केलं होतं आणि नेमकं वधूचं नाव खाल्लं होतं. उरलं होतं ते एवढंच: वय एकोणीस, राहणार जालना. साक्षीदारांत एकच नाव शाबूत होतं, महेबूब, चालक, राहणार मस्तगड, जालना.

घरी येऊन मी नोंददुरुस्तीचा अर्ज लिहिला. विषय, संदर्भ, महोदय, सगळं यथासांग, भरगच्च दोन पानं. माझ्या नोकरीत मी असा अर्ज दुसऱ्या कुणाकडून आलेला पाहिला नाही. आठवड्यानं तो त्रुटी काढून परत आला. खाली लाल शाईत लिहिलं होतं: "उभय पक्ष समक्ष हजर पाहिजेत. वधूला घेऊन या."

दोन पानांना दोन वाक्यांचं उत्तर. असे शेरे मी स्वतः शेकड्यानं मारले असतील, पण ते वाचणाऱ्याच्या पोटात कुठं लागतात हे तेव्हा कळलं. बाईला रिक्षात घालून नेलं असतं तर तिथंच सगळं मिटलं असतं. पण फलकाचं गुपित फुटलं असतं ना. म्हणून तो कागद घेऊन मी ओट्यावर बद्रीनारायणजींकडं गेलो. कचेरीची चूक दाखवायला, दुसरं काही नाही.

त्यांनी चष्मा लावून नक्कल वाचली. परत वाचली. मग आवाज उतरवून म्हणाले, "रामकिसनजी, आपल्या बाई तर धावड्याच्या. ही जालन्याची कोण?"

मी म्हणालो, चूक असेल.

ते म्हणाले, "वर्ष पण चूक, गाव पण चूक, आणि बाकी सगळं बराबर? आम्ही कापड मापतो, रामकिसनजी. इतकी चूक एका बाजूनं होत नाही."

मी बोटांवर महिने मोजले. डिसेंबरात एक लग्न, मे महिन्यात दुसरं. मधे पाच महिने. त्या पाच महिन्यांत ती जालन्याची मुलगी गेली कुठं? बद्रीनारायणजींनी मला धीर दिला तो असा: घाबरू नका, आधी सातबारा बघून घ्या, कुणी वारस निघाला तर कोर्टात वर्षंच्या वर्षं जातात, आमच्या नात्यात एकाचं असंच झालं, तो शेवटी वेडा झाला. आत पडद्यामागं त्यांच्या पत्नी लाडबाई पापड वाळवत होत्या. त्यांनी काहीही ऐकलं नाही, असं त्यांनी नंतर गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितलं.

मी बायकोला, आशामतीला, विश्वासात घेतलं. तिनं कुणालाच न सांगण्याची शपथ घेतली आणि फक्त माझ्या बहिणीला फोन केला. माझी धाकटी बहीण गया अंकुशनगरला असते. तिचा नवरा तातेराव तिथल्या साखर कारखान्यात आहे. दुसऱ्याच दिवशी दोघं दारात. गया रडत होती, आणि तातेराव आमच्या अंबडकडच्या तीन एकरांचा गट नंबर काय म्हणून विचारत होते. मी त्यांना वंशावळीबद्दल सांगत होतो, ते मला वाटणीबद्दल विचारत होते, आणि शब्द मात्र आमचे दोघांचे एकच होते: शाखा, वारस, हिस्सा.

ठरलं असं की बाईला यातलं अक्षर कळू द्यायचं न्हाई. आणि ते कळू न देण्यासाठी आम्ही जे केलं त्यानं नवीनच घोटाळा झाला. सगळेच तिच्याशी गोड वागायला लागले. आशामतीनं तिच्या हातातला झाडू काढून घेतला. गया तिचे पाय चेपायला लागली आणि मधेच डोळे पुसायला लागली. मी कार्यालयातून येताना सीताफळाची रबडी आणली. उलट अण्णांच्या चहातली साखर कमी कमी होत गेली. शेवटी तो कोमट पाण्यासारखा यायला लागला. आशामतीची निषेधाची पद्धत तशीच आहे. अण्णा तो चहा काही न बोलता पीत होते, आणि त्यांचं ते न बोलणं आम्हाला गुन्ह्याच्या कबुलीसारखं वाटत होतं. ते पन्नास वर्षं तसेच होते हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

बाईनं त्याच सुमारास साखरेची तपासणी करून आणली होती. एका दुपारी तिनं गयाला जवळ बसवलं आणि कुठल्या पाटल्या तिच्या, कुठल्या आशामतीच्या, हे सांगायला लागली. मग मला हाक मारली आणि म्हणाली की डॉक्टरनं काय सांगितलंय ते सांगून टाक, मी भिणारी न्हाई. मी म्हणालो, बाई, तुला काहीसुद्धा झालेलं नाही. ती म्हणाली, तसंच सांगतात. आणि मला म्हणाली की मी गेल्यावर अण्णाला शिळी भाकर देत जाऊ नका, त्यांना सोसत न्हाई, पण ते सांगायचे न्हाईत.

आता यावर शहाण्या माणसानं काय केलं असतं? अण्णांच्या समोर जाऊन बसला असता आणि विचारलं असतं. दोन खोल्यांचं अंतर होतं. पण बापाला असलं कसं विचारायचं? आमच्याकडं बापाला पगार किती हेसुद्धा मी नोकरीला लागेपर्यंत विचारलं नव्हतं. त्यापेक्षा मस्तगड जवळ वाटलं. मी साक्षीदार शोधायला निघालो.

महेबूब ड्रायव्हर वारले होते. त्यांच्या पत्नी सरदारबी, ऐंशीच्या घरातल्या, लेकाच्या घरी पलंगावर बसून तांदूळ निवडत होत्या. मी नाव सांगितलं तशा त्या हसल्या. "अप्पाराव का बेटा. आओ." त्यांनी चहा मागवला, बिस्किटं मागवली. त्यांच्या यजमानांची आणि अण्णांची जोडी एकाच गाडीवर किती वर्षं होती, ते सांगितलं. मी हळूच नक्कल पुढं केली. त्यांनी ती हातातही घेतली नाही.

मी विचारलं, त्या दिवशी कोण होती ती मुलगी?

त्या तांदूळ निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "दुल्हन थी, बेटा. अच्छी थी. और कुछ नई बोलती मैं."

मी आस्थापना शाखेतला आवाज काढला. म्हणालो, हा कुटुंबाच्या अभिलेखाचा प्रश्न आहे.

"महेबूब मरे तक किसी कू नई बोले," त्या म्हणाल्या. "मैं तेरे कू बोलूँ? जिस की बात है उस कू पूछ. घर में बैठा है ना तेरा बाप?"

मी उठलो तेव्हा त्यांनी जबरदस्तीनं बिस्किटांचा पुडा हातात दिला. लहान पोराला देतात तसा. मला तो अपमान वाटला. त्यांनी मला नीट वाट दाखवली होती, आणि मी ती ओळखलीच नाही. उलट घरी येऊन मी जाहीर केलं की पहिली बायको होती, साक्षीदार पक्का आहे, ती चांगली होती आणि पुढं काय झालं ते कुणी बोलायला तयार नाही. गया आणखी रडली.

आता फलकाचं काय करायचं? नोंद म्हणजे नोंद. ती दडवणं माझ्या हाडात नाही. म्हणून मी कार्यालयात करतो तसे दोन मसुदे केले. एक पाहुण्यांसाठी, स्वच्छ: अप्पाराव, शेजारी चांगुणाबाई, खाली आम्ही. दुसरा कार्यालयीन प्रत, फक्त माझ्या कपाटासाठी: त्यात अण्णांच्या डाव्या हाताला आणखी एक चौकट, आत प्रश्नचिन्ह, आणि खाली बारीक अक्षरांत "प्रथम विवाह, डिसें. १९७४, वधूचे नाव अज्ञात". दोन्ही मसुदे मोबाईलमधे होते. त्यातला एक मी फ्लेक्सवाल्याला पाठवला. पुढचं सांगायला नको. तो फलक आला तो गुंडाळीत, वरून कागद लावून, आणि समारंभाच्या आधी उघडायचा नाही असा माझाच हुकूम होता.

लहानसं सभागृह घेतलं होतं. धावड्याहून बाईचे थोरले भाऊ, आमचे मामा, पोराबाळांना घेऊन आले होते. मामा फेटा बांधून आले होते, कारण हा त्यांचा दिवस होता. आमच्या घरात हे लग्न मामांनी जमवलं असंच सगळे मानतात. मामा ती गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात सांगतात, आणि तिथंही त्यांनी माईक घेऊन सांगितली. आजोबांना जमीनदार जावई पाहिजे होता. घंटी वाजवणाऱ्याला पोरगी देणार न्हाई म्हणून ते अडून बसले होते. दुष्काळाची दोन-तीन वर्षं नुकतीच सरली होती, जमिनीची काय पत राहिली होती ते सगळ्यांनी पाहिलं होतं. तरी आजोबा ऐकेनात. जालन्याच्या मावशीनं मामांना स्थळ सुचवलं, आणि मामांनी बापाशी भांडून, उपास धरून, हे लग्न ठरवलं. बापानं त्यांना थोबाडीतसुद्धा मारली होती. "माझ्या बहिणीनं पोरगा पाह्यलासुदीक नव्हता," मामा म्हणाले, "म्हणली, दादा, तू म्हणशील तसं. तिच्या त्या शब्दासाठी मार खाल्ला मी." टाळ्या पडल्या. बाईनं पदर तोंडाला लावला. आम्हाला वाटलं, गहिवरली.

मग मी फलकाचा कागद ओढला.

पहिल्यांदा लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण टाळ्या वाजवायच्या असतात. मग पुढच्या रांगेतले वाचायला लागले. बद्रीनारायणजींनी चष्मा लावला. टाळ्या पुढून मागं थांबत गेल्या. मी वळून पाहिलं आणि मला ती चौकट दिसली, ते प्रश्नचिन्ह दिसलं. तळहाताएवढं. मी दोन्ही हात पसरून त्याच्यापुढं उभा राहिलो, जसं काही मी झाकलं की ते नाहीसं होणार होतं. गयानं मोठ्यानं हुंदका दिला. तातेरावांनी शेजारच्याला हळू आवाजात समजावून सांगायला सुरुवात केली, म्हणजे ज्यांना कळलं नव्हतं त्यांनाही कळलं.

मामा उठले. अण्णांच्या पुढं जाऊन म्हणाले, "अप्पाराव, पहिली बायको होती तुम्हाला?"

अण्णा खुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी बाईकडं पाहिलंसुद्धा नाही. समोर भिंतीकडं पाहत राहिले. ते सांगणार नव्हते हे आता मला कळतं. सगळ्या गोतावळ्यासमोर दुसऱ्या बाईचा कलंक घेऊन ते घरी आले असते, पण बोलले नसते. मामा परत म्हणाले, "माझ्या बहिणीला फसवलं का तुम्ही? बोला."

बाई उठली. शाल खांद्यावरून खाली पडली तशीच पडू दिली.

"त्यांना काही बोलू नको, दादा," ती म्हणाली. "ती मीच हाय."

मागच्या रांगेतले उठून उभे राहिले.

"मावशीकडं शिवणकाम शिकायला राह्यल्ते मी तव्हा जालन्यात," बाई म्हणाली. "बाप न्हाई म्हणला म्हणून कचेरीत जाऊन लगीन करून आल्तो आम्ही. मावशीला ठाऊक होतं. मंग तू उपास धरलास, दादा. मला सांगता आलं न्हाई."

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. तातेराव असावेत. मग सगळेच हसले, पोरांनी शिट्ट्या मारल्या, गया रडता रडता हसायला लागली आणि तिनं बाईला मिठी मारली. मलाही इतकं हायसं वाटलं की मीही हसलो. दुसरी बायको नाही, वारस नाही, बाईला आजार नाही, आणि लग्न तर सिनेमातल्यासारखं. बद्रीनारायणजींनी माझा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

मामा हसले नाहीत. त्यांनी फेटा काढला, मांडीवर ठेवला आणि बराच वेळ त्याची घडी घालत बसले. मग कुणाचं लक्ष नाही असं पाहून पोराला गाडी काढायला सांगितली. मी धावत गेलो. जेवून तरी जा म्हणालो. ते म्हणाले, "न्हाई रे. तिनं मला एकदा सांगायचं व्हतं. पन्नास वर्षं मी येड्यावानी सांगून राह्यलो." ते रागावले असते तर बरं झालं असतं. गाडीत बसताना त्यांना दोनदा आधार द्यावा लागला.

बाईच्या आयुष्यात पहिल्यांदाच त्या दिवाळीत भाऊबीजेला धावड्याहून कुणी आलं नाही. फोन केला तर सून म्हणाली, मामांचे गुडघे दुखतात. बाईनं ताट तयार केलं होतं. तिनं निरांजन विझू दिलं आणि मग ताट उचलून आत नेलं.

मात्र बाकी सगळ्यांना अण्णा-बाईचं भारी कौतुक वाटत होतं. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ते दोघं नटनट्या झाले होते. पोरी बाईला विचारायच्या, आजी, आधी कोण बोललं? तेव्हा बाईनं थोडं थोडं सांगितलं. ती शनिवारी भोकरदनच्या गाडीनं गावी जायची. अण्णा तिच्या तिकिटाला दोन भोकं जास्त पाडायचे. कचेरीच्या पाटीवर त्यांच्या लग्नाची नोटीस महिनाभर लागलेली होती आणि गावातलं चिटपाखरू वाचायला गेलं नाही. लग्न झालं त्या दिवशी सरदारबीनं खीर केली होती. ती खाऊन बाई मावशीकडं गेली आणि अण्णा ड्युटीवर गेले. पुढं धावड्याला मुलगी पाहायचा कार्यक्रम झाला तेव्हा स्वतःच्या बायकोला त्यांनी "नाव काय?" म्हणून विचारलं, आणि तिनं खाली मान घालून सांगितलं.

आणि दर वर्षी डिसेंबरातल्या त्या तारखेला दोघं जालना-भोकरदन गाडीत बसून जात. स्टँडवर चहा-भजी खात. परत येत. घरी सांगत, हयातीचा दाखला द्यायला गेलो होतो. त्याच्या आधी नोकरी होती तेव्हा आणखी काहीतरी सांगत. हयातीचा दाखला नोव्हेंबरात द्यायचा असतो, डिसेंबरात नव्हे, आणि तो द्यायला बायको लागत नाही, हे आस्थापना शाखेतल्या माझ्यासारख्याला इतक्या वर्षांत खटकलं नाही.

हे बाईनं सांगितलं तेव्हा अण्णा उठून बाहेर गेले. मला तेव्हाच काहीतरी समजायला पाहिजे होतं. पण माझ्या डोक्यात भरपाई शिरली होती. मी चूक केली होती ना, मग मीच ती दुरुस्त करणार. दुरुस्तीची मला भारी हौस.

डिसेंबर आला तसा मी गयाला फोन केला, गयानं तातेरावांना, तातेरावांनी एक मिनीबस ठरवली. त्या तारखेला सकाळी अण्णा आणि बाई उठले तर दारात फुलांच्या माळा लावलेली गाडी उभी. आत आम्ही सगळे, बद्रीनारायणजी आणि लाडबाईसुद्धा, आणि एक स्पीकर. पुढच्या दोन सीटा त्यांच्यासाठी राखून ठेवल्या होत्या. बाईनं हातातली पिशवी तशीच धरून एकदा अण्णांकडं पाहिलं. तिनं साधीच साडी नेसली होती. गयानं तिला आत नेऊन जरीची नेसवली. अण्णांच्या गळ्यात हार घातला. तो त्यांनी भोकरदनपर्यंत काढला नाही, म्हणजे आम्ही काढू दिला नाही.

रस्ताभर गाणी वाजली. लाडबाई नाचल्या. भोकरदनच्या स्टँडवर आम्ही चार टेबलं जोडली, केक कापला, भजी इतकी मागवली की बाकीच्या गिऱ्हाइकांना थांबावं लागलं. लोक विचारत होते काय आहे, आणि तातेराव प्रत्येकाला पहिल्यापासून सांगत होते. एका अनोळखी माणसानं अण्णांच्या पाठीवर थाप मारली. बाईनं दोन भजी खाल्ली. मला जवळ बोलावून म्हणाली, "लई खर्चा केलास." एखाद्या पाहुण्याला म्हणावं तसं.

मी विचारलं, बाई, काही चुकलं का?

तिनं भज्यांची बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "न्हाई रे. चुकलं काय त्यात? पण ते लपून यायचं असतं."

तेवढ्यात जालन्याची एसटी लागली. साधी, लाल, अर्धी रिकामी. कंडक्टर दारात उभा राहून जालना, जालना ओरडत होता. अण्णा त्या गाडीकडं पाहत होते. मग ते हार सावरत माझ्याजवळ आले. अण्णांनी माझ्याकडं काही मागितलं असेल तर ते तेवढंच, मला दुसरं आठवत नाही. ते म्हणाले, "रामकिसन, आम्ही दोघं एसटीनं येऊ का?"

गया लांबून म्हणाली, असं कसं, अण्णा. तातेराव म्हणाले, आपली गाडी असताना? आशामती म्हणाली, बाईला दगदग होईल. सगळे माझ्याकडं पाहायला लागले, कारण कार्यक्रम माझा होता.

आणि मी म्हणालो, "कशाला, अण्णा? आपली गाडी हाय ना."

अण्णांनी मान हलवली. एसटी निघून वळणाआड जाईपर्यंत ते तिथंच उभे राहिले. मग त्यांनी बाईला हात देऊन आमच्या गाडीत चढवलं आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले. कुणीतरी स्पीकर लावला.